वाऱ्याचं काम

ऑर्गनची मोटर बंद पडलीय, मिस चक्रनारायण फोनवर म्हणाल्या.
मी म्हटलं, बाई, मी कूलरवाला.
वाऱ्याचंच काम आहे, त्या म्हणाल्या, या.

सदरचं जुनं चर्च. मेची दुपार,
कौलांवर सत्तेचाळीस डिग्री, आत दगडाचा गारवा
आणि समोर भिंतभर नळ्या, सोनेरी, उंचीनं उतरत गेलेल्या.
एकवीस दिसतात, त्यातल्या नऊ मुक्या आहेत,
शोभेच्या, असं बाईंनी सांगितलं
घरातल्या एखाद्याची ओळख करून द्यावी तसं.

बाजूला छोटं दार. आडवं होऊनच शिरलो.
आत नळ्यांचं रान:
जस्ताच्या, कथलाच्या, सागवानी चौकोनी,
सगळ्यात मोठी माझ्या खोलीच्या स्लॅबहून उंच,
सगळ्यात धाकटी करंगळीहून लहान.
नळ्यांच्या बुडाशी दोन माठ, भरलेले.
प्यायचं पाणी का? मी विचारलं.
वाद्याचं, त्या म्हणाल्या.

विलायतेहून खोक्यांत आलं हे,
बोट, मग आगगाडी, मग स्टेशनापासून बैलगाड्या.
तिकडचं लाकूड इथल्या पहिल्याच उन्हाळ्यात
तडकलं, भर उपासनेत, बंदुकीसारखं.
मग पेटी पुन्हा बांधली, चांद्याच्या सागाची.
भात्याचं कातडं मात्र मेंढीचंच,
वाळलं की चिरतं,
म्हणून माठ. तेव्हापासून.

पट्टी दाबली की एक काडी ओढली जाते,
काडी दुसरीला ओढते, दुसरी तिसरीला,
आणि खाली कुठंतरी एक झडप उघडते
बिडीच्या बंडलाएवढी. बस्स.
पुढचं वारा पाहतो.
मी आयुष्यभर वारा नुसता फेकत आलो, खोल्यांमधून, लग्नाच्या हॉलांमधून.
इथं त्याला धरून ठेवलाय,
भात्यावर विटा रचून.
मोजल्या. सव्वीस.

मोटर आली तेव्हा बाई शाळेत होत्या.
त्याआधी माणूस होता, दांडा होता,
आणि दांड्यालगत चुन्याच्या भिंतीवर पेन्सिल:
फकिरा उईके. दौलत. पुन्हा फकिरा.
चार उभ्या रेघा, पाचवी आडवी,
संत्र्याच्या पेट्या मोजतात तशा.
एके ठिकाणी, *साहेबाचे लग्न. लई लांबले.*
एके ठिकाणी नुसतंच, *ताप.*
समोर पितळेच्या पाटीवर
कारखान्याचं नाव आहे, देणाऱ्याचं आहे,
आणि त्याच्या मुलीचं, वय वर्षे सहा.

वाइंडिंग ठीक होती, कपॅसिटर गेला होता.
कूलरचाच बसला. डिकीत होता.
भाता उठला, विटांसकट,
म्हातारी हत्तीण उठावी तसा.
बाईंनी चपला काढल्या, बसल्या, वाजवू लागल्या
आणि लाइट गेली.

सूर खाली खाली घसरायला लागला.
भाऊ, दांडा! बाई ओरडल्या.

दोरीला शिशाचा गोळा असतो, वाऱ्याचा काटा.
हिशोब उलटा:
गोळा खाली तर भाता भरलेला,
गोळा वर चढला की संपला.
मी दांडा मारत होतो आणि गोळ्याकडे बघत होतो,
तो चढायचा, मी उतरवायचो, तो चढायचा.
बाई थांबेनात.
मला वाटलं होतं इथं सगळ्यात मोठं ऐकू येईल.
मागं नुसती काड्यांची खटखट असते,
कातड्याचा श्वास, आपला श्वास,
कुठल्याशा लाकडी नळीची पोटात घरघर.
गाणं समोर होतं, बाईंपाशी, रिकाम्या बाकांपाशी.

कडवी किती, कोण जाणे.
संपलं तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता
आणि बाई म्हणत होत्या, तिसऱ्यात जरा कमी पडलात.

साडेतीनशे झाले. चहा झाला.
निघण्याआधी भिंतीशी गेलो,
फकिराच्या खाली जागा होती.
पेन्सिल टेकवली, परत खिशात ठेवली.
मग मोटरवर मार्करनं लिहिलं
जसं सगळ्यांच्या कूलरवर लिहितो:
गुणवंत पौनीकर, खाली मोबाइल नंबर,
पुढची सर्व्हिस मार्चमध्ये.
माठ भरत जा.